यीशिंगची किटली घेताय? आधी तोंड बघा

पहिला गोंधळ मिटवू, चहाची ही किटली आपल्या कपबशीवाल्या चिनी मातीची नाही. चीनच्या जिआंगसू प्रांतात यीशिंग शहर आहे, तिथली झीशा माती, वरून ग्लेज म्हणजे चकचकीत लेप काही नाही, हाताला खापरासारखी लागते. माझी पहिली १२० मिलीची, ती बघून आई म्हणाली हे बोंडलं कोणासाठी आणलंस!

या किटल्यांचे वेगवेगळे घाट असतात, त्यातल्या शी शी नावाच्या घाटाला नवीन माणूस हमखास भुलतो. जुन्या काळच्या एका चिनी सुंदरीचं नाव आहे ते, किटली पण तशीच, गोल गरगरीत, तोटी आखूड, झाकण लावलं की अंगात मिसळून जातं. मीपण भुललो. पण माझ्याकडची जी आहे तिचं तोंड एवढंसं, ऊलाँग चहाची पानं आत फुलून फुगतात आणि सकाळी ऑफिसच्या घाईत बोट घालून खरवडत बसायचं, नको ते.

म्हणून रोजच्यासाठी मी शी पिआओ सांगेन. खाली रुंद, वर निमुळती, तीन बुटके पाय, तोटी सरळ त्यामुळे धार पण सरळ आणि पटकन रिकामी होते, चहा कडू व्हायला वेळच मिळत नाही. दोघांना १५०-२०० मिली पुरते. फक्त घेताना तोंडात दोन बोटं आरामात जातायत का बघा.

एकटेच पिणार असाल तर शुई पिंग. हिची तोटी, तोंडाची कड आणि कानाचा माथा एका रेषेत असतो. झाकण काढून ओट्यावर पालथी घाला, तिन्ही टेकले पाहिजेत, डुगडुगली तर परत करा.

बाकी तपासायचं कसं, तर भांडी बाजारात आई तांब्या घेते तसंच, उचलून, वाकवून बघायचं. किटलीत पाणी भरून ओता आणि झाकणावरचं भोक बोटाने दाबा, धार थांबली म्हणजे झाकण नीट बसलंय. ऑनलाइन मागवली असेल तर आल्या दिवशीच हे करा, नंतर रिटर्न घेत नाहीत.

आणि हो, आलं-दुधाचा चहा त्यात अजिबात नाही, माती वास धरून ठेवते. साबणपण नाही, नुसतं गरम पाणी आणि उपडी ठेवून वाळवायची. आमची शी शी पहिल्याच आठवड्यात लिंबाच्या साबणाने घासली गेली, अजून गरम पाणी ओतलं की आधी लिंबू येतो, मग चहा.