झाड मेलं म्हणून तोडण्याआधी: या चुका टाळा

आमच्या मागच्या अंगणातलं सीताफळ आम्ही एकदा एप्रिलमध्ये तोडलं. दोन महिने एक पान नव्हतं, डहाळ्या करड्या पडलेल्या, गेल्या हंगामातली दोन फळं काळी ठिक्कर होऊन लटकत होती. कोयता बुंध्यात शिरला आणि सालीखाली हिरवं, ओलं दिसलं. पहिल्या पावसानंतर त्याच खुंटातून आठ-दहा फुटवे आले खरे, पण फळ धरायला तीन वर्षं गेली.

सीताफळ उन्हाळ्यात उघडं पडतं आणि पाणी दिलं नाही तर पावसापर्यंत तसंच राहतं. नवा डोळा, म्हणजे पुढचा कोंब, पानाच्या देठाच्या बुडाखाली दडलेला असतो. पान गळल्याशिवाय तो दिसतच नाही. देवचाफाही थंडीत नुसत्या काठ्या होऊन उभा असतो. पळस, पांगारा तर पानं टाकूनच फुलतात. आंबा, चिकू, फणस मात्र सदाहरित. ते बोडके झाले तर काळजी करा. आंब्याची पानं न गळता फांदीवरच करपून चिकटून राहिली, तर अधिकच. पान गाळणं हे जिवंत फांदीचं काम आहे, एकाएकी मेलेल्या फांदीला ते जमत नाही.

नखाने साल खरवडून बघतात सगळेच, पण शेंड्याची एक काडी खरवडून निकाल देतात. शेंडे आधी वाळतात. तिथून खाली येत राहा: डहाळी, फांदी, मग बुंधा. आत हिरवट आणि ओलसर दिसलं की तिथपर्यंत जीव आहे. तपकिरी, कोरडं असेल तर तो भाग गेला. वाळकी डहाळी काडकन मोडते, जिवंत वाकते. जुन्या खोडाची साल जाड असते, तिथे चाकू लागतो. चिरा बारीक आणि एका बाजूलाच द्या. उत्साहाच्या भरात गोल फिरून साल काढलीत, तर मारेकरी तुम्हीच. चाफ्याला टोचलं की पांढरा चीक यायला हवा. फांदी सुरकुतलेली पण घट्ट असेल तर तहान आहे, दाबल्यावर पिचपिचीत लागली तर कूज.

घाबरून रोज बादलीभर पाणी ओतू नका. पानंच नाहीत तर झाड पिणार किती? आळ्यात पाणी साचून मुळं कुजतात. खतही नको.

कलमी झाड असेल तर फुटवा कुठून आला ते पाहा. जोडाच्या खालून आला असेल तर जगलाय तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते खालचं रोप, तुमचा हापूस नव्हे.

नारळाला मात्र यातलं काही लागू नाही. खोड खरवडून काही कळत नाही, कारण त्याला आंब्यासारखी जिवंत साल नसते. त्याचा सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात. मधली सुई, म्हणजे न उघडलेली नवी झावळी, हलकेच ओढून पाहा. ती सहज हातात आली आणि बुडाला घाण वास असेल, तर कोंब कुजतोय. थोडीच कूज असेल तर तेवढा भाग काढून बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात, झाड कधी कधी वाचतं. आतपर्यंत गेली असेल तर माड संपला, खालच्या झावळ्या पुढे कित्येक महिने हिरव्या दिसत राहिल्या तरी.