चड्डीतला रोली फ्री अंकात घ्यायचा तर

आमच्या जुन्या गाड्यांच्या दिवाळी अंकाची पानं मी लावतो. दर वर्षी कुणीतरी हमखास तोच फोटो पाठवतं: 13 सप्टेंबर 1948, अमेरिकेतलं बॉनेव्हिलचं मिठाचं मैदान, व्हिन्सेंट मोटरसायकलवर पालथा पडलेला 47 वर्षांचा अमेरिकी स्वार रोली फ्री. आधीच्या फेरीत चामड्याचे कपडे वाऱ्यानं फाटले, तर गड्यानं ते काढूनच टाकले. पोहण्याची चड्डी, डोक्याला टोपी, पाय मागे सरळ. वेग ताशी 150.313 मैल, म्हणजे जवळपास 242 किलोमीटर! खाली निरोप ठरलेला: ‘जुना आहे, छाप बिनधास्त.’

थांबा. आधी तो पहिल्यांदा कधी आणि कुठे छापला ते शोधा. नुसती काढल्याची तारीख पुरत नाही. आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीआधी फोटोचा हक्क (कॉपीराइट) प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं असे; आता तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. 1948 सालीच छापला असेल, तर जुन्या नियमानं 2009 पासून इथे मोकळा. छापील अंकाचं भागलं. पण पीडीएफ न्यू जर्सीच्या भाच्यालाही जाते, आणि तिथला हिशेब निराळा: 28व्या वर्षी हक्काचं नूतनीकरण झालं असेल तर 95 वर्षं, म्हणजे 2043 संपेपर्यंत. झालं नसेल तर सुटलात.

हक्क जिवंत असेल तर मालकाला पत्र टाका. मालक सापडेना, तरच ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीविना रास्त वापराचा, विचार. अमेरिकी कायद्याचं कलम 107 चार गोष्टी बघतं: वापर कशासाठी, मूळ काम कसलं, किती घेतलं, मालकाच्या विक्रीला धक्का किती. अमुक टक्के चालतात, ही निव्वळ अफवा. माझी कसोटी साधी आहे. लेखात ‘पाय मागे ताणल्यानं वाऱ्याचा विरोध कसा कमी झाला’ हे लिहिलंय आणि वाचक ते पाय बघतोय, तर फोटो हवाच, अख्खा हवा. पाय कापले तर उरलं काय? पावसाळ्यात चेन कशी जपावी, या लेखावर तो निव्वळ शोभा. मुखपृष्ठावर तर नकोच. आतही एकदाच, छोटा. पोस्टर काढता येईल इतका मोठा नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 आणखी आखडतं: खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. 1948 चा वेगाचा विक्रम चालू घडामोड नव्हे, तेव्हा समीक्षेचाच आधार.

आणि ‘साभार: इंटरनेट’ लिहू नका हो. इंटरनेटनं कॅमेरा धरला नव्हता. श्रेय छायाचित्रकाराला द्या. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे, तरी द्या. मी प्रत्येक फोटोमागे फाईलला चिठ्ठी लावतो: कुठून घेतला, मालक कोण, कुणाला कधी विचारलं, कुठल्या परिच्छेदासाठी लागला. शेवटचा रकाना भरता आला नाही, तर फोटो पानावरून काढतो.