डरवेंट खोऱ्यातल्या सूतगिरण्या एका दिवसात कशा पाहाव्यात

इंग्लंडच्या डार्बीशायर परगण्यात मॅटलॉक बाथ ते डार्बी हा डरवेंट नदीकाठचा सुमारे 24 किलोमीटरचा पट्टा 2001 पासून जागतिक वारसास्थळ आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली 1850 च्या दशकात. त्याआधी ऐंशीहून अधिक वर्षं, 1771 मध्ये, रिचर्ड आर्कराइटने इथल्या क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या रांगा हे सगळं इथे होतं. बहुतेक जण इमारतींचे फोटो काढून परततात आणि पाणी बघायचं राहून जातं. गिरणी नेमकी इथेच का आणि पुढे ती मागे का पडली, हे पाण्याशिवाय कळत नाही.

लंडनच्या सेंट पँक्रासहून डार्बीला थेट गाडी आहे, साधारण दीड तासाची. डार्बीहून मॅटलॉकला जाणाऱ्या छोट्या फाट्यावर गाडी सुमारे तासाला एक, रविवारी त्याहून कमी. एक चुकली की तास गेला, म्हणून परतीच्या वेळा आधीच लिहून ठेवा. तिकीट काढताना मधल्या स्थानकांवर उतरून पुन्हा चढता येतं का, हे विचारून घ्या. संग्रहालयांचे वार आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्याही निघण्याआधी तपासा. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ बरा. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो आणि चालण्याचा टप्पा अर्धवट राहतो.

सकाळी थेट क्रॉमफर्ड गाठा. स्थानकातून जुना दगडी पूल ओलांडून दहा-बारा मिनिटांत गिरणी येते. आत जाण्याआधी रस्त्याच्या वरून गिरणीकडे पाणी नेणारा लोखंडी पाट शोधा. तो 1821 चा आहे. गिरणीचं पाणी डरवेंटचं नव्हतं. एक ओढा आणि शिशाच्या खाणीतून पाणी काढून देणारा बोगदा, या दोहोंवर चाक फिरे. खाणीचं पाणी कोमट असल्याने हिवाळ्यातही गोठत नसे. पुढे दुसऱ्या, अधिक खोल बोगद्याने ते पाणी ओढून घेतलं आणि 1840 च्या दशकात गिरणीची ताकद गेली. आवारात उभं राहून रस्त्याकडच्या भिंती बघा: खालच्या मजल्यांना खिडक्या नाहीत. यंत्रं फोडणाऱ्या जमावाची मालकाला धास्ती होती.

सूतकताईच्या यंत्राचं प्रात्यक्षिक असेल तर त्यातल्या फिरत्या रुळांच्या (रोलरच्या) जोड्यांकडे लक्ष द्या. प्रत्येक पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पेळू (पिंजलेल्या कापसाची वात) ताणला जाऊन बारीक होतो, आणि मग चाती त्याला पीळ देते. हे सूत ताण्यासाठी, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांसाठी, पुरेसं मजबूत होतं. तोवर इंग्लंडमध्ये ताणा सहसा लिननचा (जवसाच्या तंतूंचा), आडवा बाणा सुती असे. भारतीय सुती कापडाशी टक्कर देण्याची वाट इथून मोकळी झाली. आपल्याकडच्या विणकरांचं पुढे काय झालं ते ठाऊक असलेल्या माणसाने या यंत्रापुढे जरा जास्त वेळ थांबावं.

नंतर गावातल्या नॉर्थ स्ट्रीटवर जा. 1770 च्या दशकातली ही तीन मजली घरं. सर्वांत वरच्या मजल्यावर रुंद खिडक्या, कारण तिथे हातमाग असत. बायका-मुलं गिरणीत, पुरुष वर मागावर. घरांत लोक राहतात, खिडकीला नाक लावू नका.

गिरणीसमोरच्या धक्क्यावरून क्रॉमफर्ड कालव्याची वाट सुरू होते. व्हॉटस्टँडवेल स्थानकापर्यंत सुमारे 5 किलोमीटर, सपाट, दीड-दोन तासांची. वाटेत लीवूडचं 1849 चं पंपघर लागतं. त्यातलं वाफेचं इंजिन नदीचं पाणी उपसून कालव्यात टाकत असे. ते ठरावीक दिवशीच चालवतात. पुढे एक छोटा बोगदा आहे, त्यासाठी विजेरी जवळ ठेवा. पावसानंतर चिखल होतो, साध्या बुटांचे तळवे घसरतात. पाणी आणि खाणं क्रॉमफर्डलाच घ्या.

व्हॉटस्टँडवेलहून गाडीने बेल्परला उतरा. इथली नॉर्थ मिल बाहेरून दिसते तितकी साधी नाही. लाकडी मजल्यांची जुनी गिरणी 1803 मध्ये जळाली; कापसाचे तंतू, तेल आणि मेणबत्त्या एकत्र आल्यावर दुसरं काय होणार! गिरणीमालक विल्यम स्ट्रटने 1804 मध्ये ओतीव लोखंडाचे खांब, तुळया आणि विटांच्या कमानी वापरून ती पुन्हा बांधली. जवळच घोड्याच्या नालेच्या आकाराचा 1797 चा बंधारा आहे. आकार मुद्दाम तसा: सांडव्याची लांबी वाढली की पुराचं पाणी कमी उंचीवरून निघून जातं. बंधाऱ्याकडे नदीकाठच्या बागेतून बघा. कठड्याबाहेर उतरू नका, दगड निसरडे असतात.

डार्बीतलं रेशीम गिरणीतलं संग्रहालय उरलेल्या तासात उरकू नका. तिथली मूळ गिरणी 1721 च्या सुमाराची, पण आजची बरीचशी इमारत 1910 च्या आगीनंतरची आहे. तिला वेगळी सकाळ द्या.