कानाची कड राहून जाते

जमीनमोजणीच्या कामात माझी वीस वर्षं उन्हात गेली. डोक्यावर टोपी कायम असायची, पण फक्त पुढे झाप असलेली. कान उघडेच. उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खरखरीत खपली धरली. नखाने काढली की रक्ताचा ठिपका, आठवड्यात पुन्हा खपली. दोन महिने असंच चाललं, मग त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. तुकडा तपासला तर कर्करोगाच्या अलीकडची पायरी निघाली. द्रव नायट्रोजनने गोठवून ती जाळली. तेव्हापासून काय करतो ते सांगतो.

घड्याळ नको, सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरण जोरात असतात. मोबाइलवर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, 3 किंवा जास्त दिसला तर अंग झाकूनच निघायचं. ढगाळ, गार हवेवर विसंबू नका. चटका बसत नाही म्हणजे अतिनील नाही असं नसतं. टोपी चहूबाजूंनी काठ असलेली घ्या. कापड उजेडाकडे धरा, आरपार दिसलं तर त्यातून किरणही येणार.

सनस्क्रीनचा नंबर यानंतर. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण, अडवतं, 50 साधारण 98. त्या एका टक्क्यासाठी डोकं खाजवू नका. घोळ होतो तो कमी लावण्यात. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. कानही त्यातच धरा! दर 2 तासांनी पुन्हा, आणि घाम पुसला की लगेच.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर आरशासमोर उभं राहायचं, पाठीसाठी हातात दुसरा आरसा. तिळाचे दोन अर्धे जुळत नाहीत, कड वेडीवाकडी, एकातच दोन-तीन रंग, रुंदी 6 मिलिमीटरच्या वर, किंवा तो बदलतोय, यातलं काहीही दिसलं तरी दाखवून या. मी तिळाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढतो. मोजणीवाल्याची खोड, पण बदल पकडायला हीच उपयोगी पडते.

कातडी सावळी असेल तर धोका कमी, पण मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा घातक कर्करोग, तळहात, तळपाय, नखाखालीही होतो, आणि तिथे उन्हाचा संबंध सहसा नसतो. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यात तो 1977 मध्ये सापडला. 1981 मध्ये, 36व्या वर्षी ते गेले. त्यामुळे आरसा खाली ठेवण्याआधी बोटांच्या बेचक्या उघडून बघा, आणि नखांना रंग लावलेला असेल तर तो आधी पुसा.