शेतीचा उगम शोधताय? आधी या चुका टाळा

उत्खननाच्या खड्ड्यातून जवाचा एक जळून काळा पडलेला दाणा निघतो, त्याच थरातल्या कोळशाचं वय जुनं येतं, आणि संध्याकाळपर्यंत ‘सर्वांत प्राचीन शेती’ असा मथळा तयार होतो. थराचं वय म्हणजे दाण्याचं वय नव्हे, हे किती वेळा सांगायचं?

दाणा असतो काही मिलिमीटरचा. उंदराचं बीळ, मुंग्यांची वाट, कुजलेल्या मुळाची पोकळी, कशातूनही तो खाली उतरतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं धान्य आत घरंगळतं, पाऊस पडला की भेग मिटते आणि वाटेचा मागमूसही उरत नाही.

इजिप्तमध्ये अस्वानजवळच्या वाडी कुब्बानियात नेमकं हेच झालं. पुराश्मयुगीन वस्तीत जव सापडले, आसपासच्या कोळशावरून त्यांचं वय १७-१८ हजार वर्षं धरलं गेलं आणि १९७९ मध्ये तसं प्रसिद्धही झालं. मग प्रत्यक्ष दाण्यांचं कार्बन-१४ वय (किरणोत्सारी कार्बन किती उरलाय त्यावरून ठरणारं वय) काढलं, तर ते ५,००० वर्षांच्याही अलीकडचे निघाले. उत्खनन करणारे कसलेले होते, आणि नवी वयं त्यांनीच १९८४ मध्ये जाहीर केली. असा प्रामाणिकपणा घाईतल्या लोकांत क्वचित दिसतो.

कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या एएमएस पद्धतीला एक दाणा पुरतो, त्यामुळे आता सबब उरलेली नाही. मात्र या तपासणीत दाणा संपतो. पाठवण्याआधी तीन बाजूंनी फोटो काढा, लांबी-रुंदी-जाडी लिहून ठेवा. आणि एकाच दाण्यावर भिस्त नको. वेगवेगळ्या खड्ड्यांतले निदान तीन तरी पाठवा.

दुसरी चूक रानटी आणि लागवडीचा जव ओळखण्यातली. रानटी जवाची ओंबी पिकली की आपोआप सुटते आणि सांध्याचा व्रण गुळगुळीत राहतो. लागवडीची ओंबी मळणीत तुटते, तिचा व्रण खडबडीत. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण रानटी ओंबीच्या तळाकडचे सांधेही खडबडीत तुटतात, साधारण १० टक्के. म्हणून दोन खडबडीत तुकड्यांवर ‘शेती सुरू’ असं लिहू नका. शंभरेक व्रण मोजा, प्रमाण १० टक्क्यांच्या बरंच वर आहे का पाहा, मग बोला. पश्चिम आशियात हे प्रमाण वाढत जायला हजारो वर्षं लागली. एका पिढीत क्रांती झाली नव्हती.

जळके दाणे वेगळे काढायला माती धुतात, त्याबद्दल थोडक्यात. नमुना उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा. घाईने वाळलेले जळके दाणे तडकतात. एका वेळी दहा-वीस लिटर माती पाण्यात सोडा, तरंगलेले जळके कण ०.३ मिमी जाळीच्या कापडावर घ्या आणि कापड पिळू नका. पद्धतीवर भरवसा नसेल तर नमुन्यात जाळलेल्या खसखशीचे १०० दाणे टाकून किती परत येतात ते मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण हे न करता ‘इथे तृणधान्य नव्हतं’ म्हणू नये.

कार्बन-१४ वयं ‘बीपी’त देतात. ‘बीपी’ म्हणजे १९५० च्या आधीची वर्षं. कॅलिब्रेट न केलेलं, म्हणजे दुरुस्त करून कॅलेंडरच्या वर्षांत न बदललेलं, १०,००० बीपी हे इ.स.पू. ८,००० नव्हे, सुमारे ९,५०० आहे. हा घोळ अजून छापून येतो.

राहता राहिलं ‘शेती आली, धान्य साठलं, की राज्य उभं’ हे समीकरण. तुर्कस्तानातल्या चाताल-ह्युयुकमध्ये इ.स.पू. सातव्या सहस्रकात हजारो माणसं छपरातून घरात उतरत होती, शेती होती, पण राजवाडा सापडलेला नाही. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उरुकचं राज्य इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरचं, म्हणजे पहिल्या शेतीनंतर चारेक हजार वर्षांहून जास्त. शिक्के, शिध्याच्या नोंदी, हिशेब ठेवणारी माणसं हे शोधा. नुसती कणगी पुरत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावातही ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वेकाळी पाच खोल्यांचं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार मिळालं. उत्खननकर्त्यांनी ते गावप्रमुखाचं म्हटलं, राजाचं नाही.