काढा, चूर्ण, हळद: या चुका टाळा, नाहीतर औषध पोटात जाऊनही अंगी लागत नाही

"महिनाभर घेतोय, काही फरक नाही" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मी दर वेळी एकच विचारते, केलं कसं ते सांगा.

सगळ्यात जास्त बिघडतो तो काढा. माझ्या चुलत जावेने अडुळसा, ज्येष्ठमध मिक्सरला पिठासारखं बारीक केलं आणि उकळलं, का तर बारीक केलं की अर्क लवकर उतरेल. झालं काय, तळाला लागलं, वर लापशी, गाळणी पहिल्या पळीलाच तुंबली, मग फडक्यातून पिळलं तर अर्धा लगदा खालीच उतरला आणि पोराने पहिल्या घोटाला ओकारी काढली. काढ्याला भरडच लागते, जाडसर. शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, १ भाग औषधाला १६ भाग पाणी सांगितलंय, मंद आचेवर आटवायचं. मी घरी चौथा हिस्सा ठेवते, १० ग्रॅम भरडीला १६० मिली पाणी, उरवायचा ४०. आधी ४० मिलीच ओतते, पातेल्यात काठी उभी धरून ओल आली तिथे खूण करते, मग बाकीचं पाणी. कुकरच्या तीन शिट्ट्यांत काढा होत नाही हो, आटवणं हेच तर त्यातलं काम आहे.

तुळस मात्र उकळत ठेवू नका. घरभर वास सुटला म्हणजे तेल हवेत गेलं. गॅस बंद करून टाका, वर झाकण.

आता हळद. गार पाण्यात चमचाभर ढवळून पितात, आणि ग्लास ठेवला की तळाला पिवळा थर तसाच दिसतो. हळदीतलं कामाचं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन, ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्याला तूप किंवा साय असलेलं दूध हवं. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपेरिन २० मिलिग्रॅम दिलं तर माणसाच्या रक्तात ते सुमारे २० पट जास्त पोचतं, कारण लिव्हर आणि आतडं ते बाहेर टाकायची जी घाई करतात ती मंदावते. पण हाच जोर इतर औषधांवरही चालतो, फिट्सच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून रोजच्या गोळ्या असतील तर मिरीवाल्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. चिमूटभर मिरपूड दुधात, एवढंच माझं.

लसूण ठेचून १० मिनिटं ठेवा, मग फोडणीत. ठेचल्यावर त्यातलं एन्झाइम औषधी द्रव्य तयार करतं, अख्खा तळलात तर ते काम करायच्या आधीच मरतं.

त्रिफळा आणि लोहाची गोळी एकत्र नको, त्रिफळ्यातलं तुरट द्रव्य, टॅनिन, लोहाला धरून ठेवतं. दोन तासांचं अंतर ठेवा.

अश्वगंधा दुधात नुसती ढवळणं म्हणजे क्षीरपाक, म्हणजे दुधात शिजवलेलं औषध, नव्हे. १ भाग औषध, ८ दूध, ३२ पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत थांबायचं.

आणि बचनाग ही विषारी मुळी व्हिडिओ बघून घरी शुद्ध करणाऱ्यांना हात जोडून सांगते, करू नका. त्यातलं विष, अ‍ॅकोनिटिन, उकळल्याने फुटून कमी विषारी होतं हे खरं, पण किती शिल्लक राहिलं हे घरी कळायला काही मार्ग नाही.