बिबट्याची रील टाकता, मग पाहुण्याला का सांगत नाही? रिसॉर्टवाल्यांनो, या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात कास, बामणोली, तापोळा या पट्ट्यात टेंट आणि होमस्टेंचं पेव फुटलंय. तिकडे सांगली जिल्ह्यात, चांदोलीच्या बाजूलाही तीच हवा आहे. हा सगळा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या उंबऱ्यावर येतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली हा प्रकल्प झाला. त्याची हद्द नकाशावर आहे, गव्याला ती माहीत नाही.

काही झालं की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “जनावर काय मी पाळलंय का?” बरोबर आहे. रानातल्या जनावराचे तुम्ही मालक नाही, आणि त्याने केलं म्हणून आपोआप दोषीही नाही. प्रश्न वेगळाच विचारला जातो. धोका तुम्हाला माहीत होता का, आणि पैसे भरून राहायला आलेल्या माणसाला तुम्ही तो सांगितला का?

गोलमोल पाटी

“वन्यप्राण्यांपासून सावध राहा.” पुण्याहून आलेला पाहुणा ही पाटी वाचतो, तिच्यासोबत फोटो काढतो आणि अंधारात पाण्याकडे चालू लागतो. कोणतं जनावर, कुठे, कधी आणि काय करायचं नाही, हे पाटीवर हवं. “अंधार पडल्यावर या पायवाटेवर गवे उतरतात. आमच्या माणसाशिवाय जाऊ नका.” झालं, दोन ओळींचं काम. महाबळेश्वर-पाचगणीला गुजराती पाहुणे भरपूर, त्यामुळे पाटी नुसती मराठीत किंवा नुसती इंग्रजीत ठेवून भागत नाही. आणि पाटी कितीही चांगली असली तरी खोलीची किल्ली देताना तोंडानेही सांगा.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्ने रिसॉर्टवर जून २०१६ मध्ये पाण्याच्या कडेला असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला अ‍ॅलिगेटरने ओढून नेलं. तिथे “पोहू नका” अशी पाटी होती, अ‍ॅलिगेटरचा उल्लेख नव्हता. काठावर नुसते पाय भिजवायलाही धोका आहे, हे त्या पाटीवरून कोणाला कळणार? काही दिवसांतच अ‍ॅलिगेटर आणि सापांचा इशारा देणाऱ्या नव्या पाट्या लागल्या. ते कुटुंब कोर्टात गेलं नाही आणि तिथला कायदाही वेगळा, पण पाटीतली चूक आपल्याकडे रोज दिसते तीच.

“स्वतःच्या जबाबदारीवर”

रजिस्टरमध्ये ही ओळ छापून सही घेतली की सुटलो, असं अनेकांना वाटतं. हॉटेलात पार्किंगला दिलेली गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की, हॉटेलचा स्वतःचा निष्काळजीपणा असेल तर “मालकाच्या जोखमीवर” असं लिहून अंग काढून घेता येत नाही. त्याच वर्षी केरळातल्या कोवळमच्या सरकारी पर्यटन महामंडळाच्या हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावात पाहुणा बुडाल्याचं प्रकरण आलं. जीवरक्षकाला बारचं कामही दिलेलं होतं. ६२.५० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. तुमचा रात्रीचा राखणदार बार्बेक्यूच्या शेगडीवर उभा असतो ना? मग हे प्रकरण नीट समजून घ्या.

माहीत असून गप्प बसणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. बुकिंग कमी होईल म्हणून बिबट्याचं नाव काढायचं नाही, आणि इन्स्टाग्रामवर मात्र “आपल्या गेटवर आलेले खास पाहुणे” म्हणून सीसीटीव्हीची क्लिप टाकायची! तुम्हाला माहीत होतं याचा पुरावा तुम्हीच तारखेसकट जगाला दाखवलेला असतो.

आमंत्रण देऊन मग इशारा

खरकटं कुंपणामागे टाकलं की कुत्री आणि रानडुकरं येतात, कुत्र्यांच्या वासावर बिबट्या. उंदीर झाले की साप आलाच. टेंटला टेकून सरपण, दगडांचा ढीग आणि जमिनीवर अंथरलेली गादी, ही तर मण्यारीची सोयच. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश बहुतेक वेळा दुखतही नाही. सकाळी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, असं सांगणाऱ्या पाहुण्याला ओवा देऊन बसवू नका. १०८ ला फोन लावा किंवा सरळ गाडी काढा. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. ती जवळ कुठे मिळते हे रात्रपाळीच्या पोराला तोंडपाठ हवं. आग्या मोहोळाखाली शेकोटी पेटवू नका, हे सांगावं लागतं हीच कमाल आहे.

आणि पाहुण्यांसाठी

इशारा देऊनही गव्यासोबत सेल्फी काढायला गेलात, तर भरपाई कमी होईल किंवा मिळणारही नाही. पण खरोखर सांगितलंच नसेल तर दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, साताऱ्याला खेटे घालायची गरज नाही. फी दाव्याच्या नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे. बुकिंगची पावती, दवाखान्याची कागदपत्रं आणि रिसॉर्टची ती रील जपून ठेवा. जागेचा फोटो मात्र त्याच दिवशी काढा, कारण दुसऱ्या दिवशी तिथे नवी कोरी पाटी ठोकलेली असते.